भिजवलेल्या तबकड्यांविषयी मावशीस निवेदन

ब्राँक्स, ऑगस्ट १९७७

आदरणीय ओडेसा मावशी,

लेनोराचा आदरपूर्वक नमस्कार. कॅरोलायनातील उन्हाने तुमच्या गुडघ्याला आराम पडला असेल आणि कोंबड्या तुमचे ऐकत असतील, अशी आशा करते. आमच्याकडे राँडल कोणाचेच ऐकत नाही. त्याला तुम्ही खरमरीत शब्दांत लिहावे, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

तुमचा भाचा हल्ली गल्लीतील नाचांना तबकड्या वाजवतो. या व्यवसायात (शब्द त्याचा, मागच्या खेपेची मिळकत एक कलिंगड) आपण कोणती तबकडी लावली हे प्रतिस्पर्ध्याला कळू द्यायचे नसते, म्हणून तिच्यावरचा नाव छापलेला गोल कागद भिजवून काढतात. राँडलने घरातील झाडून सगळ्या तबकड्या न्हाणीच्या टबात बुडवल्या. "मी नुसत्या हातानं ओळखतो एकेकीला," म्हणाला. त्यांत चर्चच्या गायकवृंदाची, तुम्ही आणि आईने गायलेली, तबकडीही होती. आई गेल्यापासून ती आम्ही लावलेली नव्हती.

शनिवारी दुपारी भर बागेत त्याने ढोलांची म्हणून जी लावली, ती नेमकी तीच. रस्त्यावरील दिव्याच्या खांबातून वीज घेतलेले कर्णे (परवानगीविषयी कृपया विचारू नये) एवढे मोठे, की समोरच्या इमारतीतील एका आजींनी खिडकीतून 'आमेन' म्हटले.

"काय रे राँडल," त्याचा प्रतिस्पर्धी टायरेल म्हणाला, "नाचायला बोलावलंस की पापं धुवायला?"

राँडलचा हात सुईकडे गेला आणि तसाच राहिला. गाणे थांबून नुसत्या टाळ्या व खंजिरी उरतात आणि त्यांवर आई एकटी गुणगुणते, ती जागा आली होती. (तिथे तुम्ही शब्द विसरला होतात, असे आई सांगत असे.) लोकांचे पाय हलू लागले; सर्वांत आधी टायरेलचे. तेवढ्यात तो तुकडा संपलाही.

"ए, संपवलंस होय? परत लाव की," हे टायरेलच.

राँडल सुई मागे नेऊ लागला, पण नेमकी जागा सापडेना. "लेनोरा, तोवर बोल काहीतरी," म्हणून त्याने ध्वनिक्षेपक माझ्या हाती कोंबला. उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणारी मी. तोंडातून एवढेच निघाले, "जरा थांबा, आमची आई येतेय." मावशी, साऱ्या बागेने टाळ्यांच्या ठेक्यात तेच वाक्य मला परत ऐकवले, आणि आई येईपर्यंत ऐकवीत राहिली.

तरी त्याला समज द्यावी, ही विनंती.

तुमची आज्ञाधारक
लेनोरा

ता. क. फार रागावू नये. तो टब घासतो आहे आणि आईचेच गुणगुणतो आहे.

पुन्हा ता. क. तुमच्याकडील तीच तबकडी टपालाने पाठवाल का? तिचा कागद मी भिजू देणार नाही. त्यावर तुम्हा दोघींची नावे आहेत. दोन सारख्या तबकड्या असल्या, की एकीवरील तुकडा संपताच दुसरीवर तोच सुरू करता येतो, आणि तोवर पहिली मागे फिरवून घेता येते. मग मला बोलावे लागणार नाही (तरी मी बोलेन), आणि आईलाही थांबावे लागणार नाही.