आजीच्या दाखल्यावर नातीची बदली

प्रिय कृतिका,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. शेजारचे सहदेवभाऊ लिहून घेतायत. त्यांना म्हटलंय, मी बोलेन तसंच लिहा, वर आपली व्याकरणाची फोडणी नको.

इथे कोपर गावात सगळं ठीक. गुडघा अजून माझाच आहे. आणि माझा पोलिसांचा दाखला आला. मैथिली मॅडमच्या वागळे इस्टेटच्या पाळणाघरात मुलांना हात लावायचा तर हा दाखला लागतोच. हवालदाराने विचारलं, आजी, तुमच्यावर काही गुन्हा? म्हटलं, सासूबाईंनी लावलेले धरायचे का? तो हसला नाही. पण त्याच्या कॉम्प्युटरने मला स्वच्छ ठरवलं. जिने तुझ्या बापाला उलथन्याने शेकून काढलं ती स्वच्छ, आणि जिला झुरळ मारायला माणूस बोलवावं लागतं त्या तुझ्या नावावर मारहाणीची केस. ते यंत्र नक्की काय बघतं, मला कळत नाही.

दिवा गावात तू कामाला होतीस त्या पाळणाघरात मालकिणीचा भाऊ पोरांना मोरीत कोंडायचा. तू कडी काढायला गेलीस, त्याने तुझा हात पिरगाळला, तू पोळपाट घातलास त्याच्या डोक्यात. टाके त्याला पडले, तक्रार त्याने केली. पोरांच्या आयांनी पोरं काढून नेली आणि तोंडं मिटली. आता केस कोर्टात नुसत्या तारखा खातेय आणि तू दुकानात कपड्यांच्या घड्या घालतेस. पोरं झोपवणारे हात ते, घड्या घालतायत.

म्हणून मॅडमनी सुचवलं ना, नाव आणि दाखला आजीचा, काम तुझं, तेव्हा मी तिथल्या तिथे हो म्हटलं. तू फोनवर किती हसलीस त्या दिवशी. मला त्यात वावगं वाटलंच नाही गं. आम्ही धुणीभांडीवाल्या बायका, बदली देणं आमच्या अंगवळणी. मला ताप आला की तुझी आई जायची. भांड्यांना कुठे कळतं, हात कुणाचे?

मग परवा मॅडमनी मला तिथे नेलं, जागा बघायला. एक एवढीशी पोरगी, ना ओळख ना देख, सरळ मांडीवर चढली आणि झोपली. तिची आई दारावरचा, दाखला मिळालेल्या बायकांच्या नावांचा कागद वाचून कंपनीत निघून गेली. त्यावर माझं नाव होतं. मी तशीच बसले, पाय बधिर झाला तरी. मनात आलं, उद्या असाच दुसऱ्याच्या दाखल्यावर कुणी आत शिरला, ज्याच्यावरची केस खरी आहे, तर? त्यालाही कुणी आजी असेलच. तीही म्हणेल, आमचं लेकरू तसलं नाही. मी म्हणते तसंच.

तुला मी ओळखते, ती बाई नाही ओळखत. तिने काय बघून पोर सोडायचं? दाखल्याच्या ज्या दाराने तुझ्यावर अन्याय केला तेच दार तिला हवंय, आणि मला दोघींची बाजू पटते. डोक्याचा नुसता भुगा झालाय.

काल मी मॅडमना नाही म्हणून सांगितलं. माझं नाव काढा म्हटलं. हे त्यांच्याकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून सहदेवभाऊंना कामाला लावलं. बरोबर केलं का, विचारू नकोस. सकाळी बरोबर वाटतं, दुपारी घास उतरत नाही. त्या पोरांच्या आयांपैकी एकीला तरी दिव्यात जाऊन शोधणार आहे, कोर्टात बोल म्हणून पाया पडणार आहे. राग आला असेल तर कोपरला येऊन भांड, हवे तितके दिवस भांड. फक्त मला पुन्हा हो म्हणायला लावू नकोस. मी म्हणेन.

तुझीच,
कॉम्प्युटरने पास केलेली
रंगूआजी
(अंगठा माझाच)