बापाचा फुलोरा आधी झडला

चिरंजीव चांगगेन,

हायनान बेटावरून तुझ्या म्हातारीचा आशीर्वाद. अक्षर आमच्या बियाणे-पथकातल्या यीलानचं आहे, बडबड माझी.

माझी तब्येत बरी आहे. इथले लोक भाजीत मिरची घालायला लाजतात, तेवढंच दुःख, असं सांगून थांबणार होते. यीलान म्हणाली, "आजी, खरं सांगा, नाहीतर लेखणी ठेवते."

तर ऐक. ज्या संकरित भाताचं बी गावासाठी पिकवायला आम्ही इथे आलो, त्याला आई एका वाणाची लागते, बाप दुसऱ्या वाणाचा. यीलान म्हणते, खोट दोघांच्याही रक्तात असते, पण वेगवेगळ्या जागी. म्हणून एकाची खोट दुसरा झाकतो आणि पोर दांडगं निघतं. तुझा बाप घुमा, मी तोंडाळ, तरी तू असा कसा, ते मी तिला विचारलं नाही.

पण दोघांना एकाच वेळी फुलोरा यावा लागतो. बापवाण आधीच पेरून झाला होता. आईवाणाचं बी भिजवायच्या दिवशी गार वारा सुटला. चाळीस वर्षं रोपं वाढवलेली मी. म्हटलं, "पोरी, थंडीत बी भिजवत नसतात," आणि नऊ दिवस थांबवलं. काल आईच्या लोंब्या बाहेर पडल्या, तर बापाचा फुलोरा झडून गेलेला. पराग उडवायला आम्ही दिवसभर बापाच्या रोपांवरून दोर ओढत फिरलो. काही उडालं नाही. दाणा भरणार नाही.

जुनं बी खाऊन टाका, नवं आणते, असं गावाला मीच कळवलं होतं. उरलं असेल तर आजच घरोघर जाऊन थांबव. कोणी शिव्या दिल्या तर ऐकून घे. उलट बोलणं माझं काम, पण या वेळी चूक माझीच आहे.

नववर्षाला तुम्ही कुठला भात शिजवलात, त्या जुन्या बियाचाच का? तुझ्या छोटीने पुन्हा मागून घेतला का?

तुझी,
आई