‘चक्काचूर’मध्ये आबांची जीप

८ फेब्रुवारी १९९८, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. पुढेमागे मुलाखतीत कोणी तारखा विचारल्या तर पंचाईत नको.

आज बारामतीत स्टँडसमोरच्या टीव्हीच्या दुकानाबाहेर उभा राहून ‘चक्काचूर’ बघितलं. नवा कार्यक्रम, दर रविवारी सकाळी दहाला. एक जुनी मोटार घेतात, भिंतीवर आदळतात, उंचावरून सोडून देतात, वर क्रेनने दगड टाकतात. मग गॉगल लावलेला अँकर हसत हसत सांगतो की गाडी टिकली का नाही. आजची टिकली नाही. बाहेरच्या देशांत असले कार्यक्रम ढिगाने आहेत म्हणे, आपल्याकडे आत्ता आले. बघता बघता एकदम लक्षात आलं की त्या गॉगलमागे मी पाहिजे.

त्या नादात माझी प्रवासी जीप पाऊण तास उशिरा सुटली. अंथुर्ण्याचे पॅसेंजर आत उकडत बसले होते. शकुबाई म्हणाली, आता हितंच चूल मांडू का? कलेची किंमत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ठराव : शुद्ध बोलणे. हाय, न्हाय, हितं, तितं आजपासून बंद. सकाळी योगिनीला म्हटलं, चहा आहे का गं? लग्नाला चार वर्षं झाली, पण ती एवढी दचकलेली बघितली नव्हती. म्हणाली, अंगात कणकण हाय का तुमच्या?

आवाजासाठी रोज पहाटे ज्येष्ठमध चघळायचं आहे. आज उठायला उशीर झाला. उद्यापासून.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज एक फियाट गेली. कार्यक्रमाच्या शेवटी खाली पट्टी आली : जुनी गाडी असेल तर फोटो पाठवा.

आपल्याकडे जीप आहे. म्हणजे आबांची, माझ्या वडलांची आहे, पण चालवतो मी. अठ्ठ्याऐंशी साली आबांनी कळपातली शेवटची साठ मेंढरं विकली आणि ही घेतली. त्यांच्यासारखं मला रानोमाळ हिंडावं लागू नये म्हणून. अजून रोज संध्याकाळी तिच्याभोवती एक फेरी मारतात, पत्र्याला हात लावतात, मगच जेवायला बसतात. पूर्वी मेंढरांचं असंच करायचे. जुनी माणसं.

योगिनी म्हणाली, त्येच्यात गाड्या फुटत्यात की. तिला समजावून सांगितलं की ती परीक्षा असते. आतापर्यंत नापास झालेल्या गाड्या मुंबईच्या. तिकडे खारी हवा, पत्रा आतून सडलेला. आपली जीप इंदापूर तालुक्यातल्या रस्त्यांवर दहा वर्षं चालली आहे, तिला भिंतीचं काय कौतुक? पास होणारी पहिली गाडी आपली. मग अँकर माझ्याशी बोलणार. मग मी बोलणार. मग तो काय करणार हा त्याचा प्रश्न आहे.

ती म्हणाली, पर मालक आबा हायती. बायकांचं लक्ष नेहमी बारीकसारीक गोष्टींकडे.

फोटो पाठवला. मी जरा पुढे उभा राहिल्यामुळे जीपचा एकच दिवा दिसतो. पण पहिली छाप महत्त्वाची.

६ मार्च, शुक्रवार

उत्तर नाही. पोस्टाचा घोळ असणार.

जीप चालवताना अँकर लोक सुरुवातीला देतात तशी लिंक देण्याची प्रॅक्टिस सुरू केली. ‘नमस्कार प्रेक्षकहो, आज आपण पाहणार आहोत...’ पाहता पाहता दोन थांबे मागे गेले. गेणबांना उतरून उन्हात दीड किलोमीटर मागे चालावं लागलं. उतरताना म्हणाले, मर्दा, तू आदी म्होरं बघ. विचार केला तर यात माझ्या भविष्याबद्दल आशीर्वादच आहे.

ज्येष्ठमध संपलं. योगिनीने खोकल्याला उगाळून घेतलं.

१६ मार्च, सोमवार

फोन आला!!! स्टँडवरच्या एसटीडी बूथवर. स्वतः दिग्दर्शक बोलले. त्यांना एक जीप आणि एक दगडाची खाण पाहिजे आहे, एकाच गावात. म्हटलं, आमच्या गावाबाहेर खाण आहे, बंद पडलेली, एक नंबर. म्हणाले, छान. मी अँकरिंगचा विषय काढला. म्हणाले, बघू.

बघू म्हणजे नक्की. नसतं तर नाही म्हणाले असते.

२८ मार्च, शनिवार, पाडवा

आबांना सांगायला आजच्यासारखा दिवस नाही. त्यांनी जीपला हार घातला, नारळ फोडला. मी म्हटलं, आबा, जीप एक दिवस शूटिंगला न्यायची आहे. आबांनी विचारलं, माघारी कवा यील? मी म्हटलं, सांजच्याला यील की. (शुद्ध बोलायचं राहून गेलं.) आबा म्हणाले, धुऊन न्हे मग.

म्हणजे परवानगी मिळाली. खोटं मी काहीच बोललो नाही. परीक्षा संपली की संध्याकाळी जीप घरीच येणार.

९ एप्रिल, गुरुवार

टीव्हीच्या युनिटचे एक साहेब येऊन खाण बघून गेले. खूश. जीप बघितली. चाकाला बुटाने ठोकरलं. ते आवडलं नाही, पण मोठ्या लोकांची पद्धत असेल.

चार पानी इंग्रजी कागद दिला. सही शेवटच्या पानावर करायची असते हे मला ठाऊक होतं, त्यामुळे मधली पानं उलटत बसलो नाही. मालकाच्या जागीही मीच केली. आबांना उन्हातून कशाला बोलवायचं? शेवटी ते आणि मी काय वेगळे आहोत?

१५ एप्रिल, बुधवार

काल जयंतीमुळे ज्ञानूतात्यांचं गॅरेज बंद होतं, म्हणून जीप आज सकाळी नेली. युनिटचे साहेब आधीच हजर. तात्यांना सांगू लागले की चारी चाकांचे नट ढिले करून ठेवा, ब्रेक काढा, आणि खालून चासी निम्मी कापून ठेवा. म्हणजे उद्या बरोबर दोन तुकडे होतील.

मला जरा नवल वाटलं. साहेबांना एका बाजूला घेऊन विचारलं की ही परीक्षा आहे ना? ते हसले. म्हणाले, टीव्ही आहे हा.

खरं आहे. टीव्हीचं तंत्र वेगळं असतं. परीक्षा जेवढी अवघड, तेवढी पास होण्याची मजा.

ज्ञानूतात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आम्हा सगळ्यांना चहाला पिटाळलं. दुपारी जीप ताब्यात घेताना मी विचारलं की सांगितलं तसं झालं ना? तात्या नुसते हात पुसत राहिले. होकारच तो.

१६ एप्रिल, गुरुवार. शूटिंग

सकाळी ७. जीप धुतली. गॉगल घेतला. लग्नसराईत शूटिंगची कामं करतो तो माझा कॅमेरा बरोबर घेतला. स्वतःच्या अँकरिंगची एक कॅसेट तयार करून साहेबांना लगेच दाखवायची असा प्लॅन.

९.३०. खाणीवर तीन गावं लोटली आहेत. मी कॅमेरा स्टँडवर लावला. ऊन माझ्या तोंडावर पाहिजे म्हणून कॅमेऱ्याची पाठ खाणीकडे आणि माझं तोंड खाणीकडे. प्रोफेशनल माणूस उजेड आधी बघतो.

१०. आबा आले. येऊ नका म्हणून सांगितलं होतं. धुतलेलं धोतर, नवा पटका, हातात नारळ. बॉनेटवर नारळ फोडला. दिग्दर्शक म्हणाले, वंडरफुल, म्हाताऱ्याला परत एकदा करायला सांगा. दुसरा नारळ नव्हता.

१०.४०. पहिला टेक. ॲक्सिलरेटरवर दगड ठेवून जीप उतारावरून सोडली. दगडधोंड्यांवरून उड्या मारत गेली, बाभळीला वळसा घालून तळाशी थांबली. चारी चाकं जागच्या जागी, इंजिन चालू. दोन तुकडे वगैरे काही नाही. साहेब ज्ञानूतात्यांवर ओरडले. तात्या म्हणाले, साहेब, तीस वर्सं आवळत आलोय, मला ढिलं करता येत न्हाय. नट आवळले, ब्रेकला तेल घातलं, प्लगसुदिक नवीन टाकले.

म्हणजे आपण पास! मी कॅमेऱ्याकडे बघून सविस्तर निवेदन केलं.

१२. दुसरा टेक. खाणीच्या कडेवरून, दोन पुरुष उंचीवरून. जीप दणकन चाकांवरच उतरली. डावा दिवा गेला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. दिग्दर्शकांनी टोपी जमिनीवर आपटली. मी निवेदन केलं.

दुपारी २. तिसरा टेक. ट्रॅक्टरने ढकलून आडवी सोडली. दोन कोलांट्या खाऊन पुन्हा उभी. टप चेपला, काच गेली, इंजिन बंद. सगळे गप्प. आबा एकटे खाली उतरत गेले. सीटखालून हँडल काढलं, पुढे लावलं, मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा चालू! तीन गावांनी एवढा कालवा केला की माझं निवेदन मलाच ऐकू येईना. आबा बॉनेटवर हात ठेवून हसत होते. मी त्यांना असं हसताना कधी बघितलं होतं ते आठवलं नाही.

४. दिग्दर्शक मला बाजूला घेऊन गेले. खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, रविराज, उजेड चालला, शेवट तर पाहिजे. पेट्रोल ओतलं आहे. पेटता बोळा टाकताना कॅमेऱ्यासमोर एक माणूस लागेल. तू टाक. क्लोजअप देतो.

मी नाही म्हणणार होतो. अगदी तोंडावर आलं होतं. तेवढ्यात कुणीतरी ‘सायलेन्स’ ओरडलं आणि माझ्या हातात बोळा होता.

टाकला.

आबांनी पटका काढून हातात धरला होता. जीप तासभर जळत होती. युनिटच्या गाडीत जागा होती, पण आबा बसले नाहीत. मी बसलो, कारण साहेबांशी अँकरिंगचं बोलायचं होतं. साहेब झोपले होते.

१७ एप्रिल, शुक्रवार

घरात कोणी बोलत नाही. मला वाईट वाटतंय, हे इथे लिहायला हरकत नाही. पण मी नसता टाकला तर दुसऱ्या कुणी टाकला असता, आणि तो घरचा नसता.

युनिटने जाताना भंगाराच्या भावाचा चेक आणि ‘चक्काचूर’ लिहिलेली टोपी दिली. चेक आबांच्या उशाशी ठेवला. अजून तिथेच आहे. एकदा लागू दे टीव्हीवर, आपली जीप तीनदा कशी उभी राहिली ते सगळा महाराष्ट्र बघेल, मग आबांचा राग राहायचा नाही. आणि मला मुंबईहून बोलावणं आलं की पहिली गोष्ट, नवी जीप. याहून चांगली.

ठराव : तोपर्यंत धीर धरणे.

४ मे, सोमवार

बारामतीला एसटीने गेलो. उभ्यानं. शकुबाई बसली होती. तिने जरा सरकून जागा केली आणि काहीच बोलली नाही. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

साहेबांना सात फोन केले. मीटिंगमध्ये होते.

१७ मे, रविवार

सकाळी १०. केबलवाल्याच्या घरी अर्धं गाव. आबांना मी हाताला धरून आणलं, पुढे बसवलं.

१०.२०. जीप उतारावरून सुटली. मग लगेच आग. मधलं काहीच नाही. बाभळ नाही, कडा नाही, आबा नाहीत. गॉगलवाला हसून म्हणाला, पहिल्याच झटक्यात खेळ खल्लास, जुनं ते भंगार!

माझा क्लोजअप होता. हाताचा. कोपरापर्यंत. योगिनीने घड्याळ ओळखलं, तिच्या वडलांनी लग्नात दिलेलं. उठून घरी गेली.

आबा उभे राहिले. पडद्याकडे बोट करून म्हणाले, खोटं हाय ह्ये. ती तीनदा उबी ऱ्हायली. लोक म्हणाले, व्हय आबा, आमी बगितलंय. पण आबा म्हणाले, समद्यांनी न्हाय बगितलं. टीव्हीवाल्यांनी समद्यांना खोटंच सांगितलं.

१८ मे, सोमवार

महिन्यानंतर आबा आज स्वतःहून माझ्याशी बोलले. दुपारी खोलीत आले. विचारलं, तुज्या क्यामेऱ्यात आसंल की रं, खरं काय झालं त्ये?

मला एवढा आनंद झाला की कॅसेट शोधताना अख्खं कपाट खाली ओतलं. माझ्या बिनकेबलच्या टीव्हीला व्हीसीआर लावला. आबा जमिनीवर मांडी घालून बसले.

मी दिसलो. गॉगलमध्ये. तोंडावर ऊन, फोकस एकदम शार्प. नमस्कार प्रेक्षकहो. कॅसेट मी पुढे पळवली. मी. आणखी पळवली. मी. जीप कुठेच नाही, ती सगळा वेळ कॅमेऱ्याच्या पाठीमागे होती. आबांना म्हटलं, यात तुमचं काही नाही आबा, बंद करतो. आबा म्हणाले, थांब.

त्यांनी डोळे मिटले होते. मग मलाही ऐकू आलं. माझ्या बोलण्यामागे कुठेतरी खाली इंजिन चाललं होतं. उड्यांचे दणके. शिट्ट्या. मग सगळं गप्प, आणि हँडलचा आवाज. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिनाने घरघर धरली, आणि नेमका त्याच वेळी मी मोठ्याने म्हणालो, ‘तर प्रेक्षकहो, माझ्या मते...’

आबांनी डोळे उघडले. म्हणाले, ह्येच्यातलं तुजं बोलणं तेवडं काडता यील का?

म्हटलं, नाही आबा. आवाज सगळा एकातच भरलेला असतो.

बरं, म्हणाले. मग पयल्यापासनं लाव.

लावली. तीन तासांची कॅसेट आहे. बराच वेळ मीच बोलतोय.