आईबाबांचा लग्नाचा फोटो

१२ एप्रिल, शुक्रवार

माझा भाऊ विराक पोरांसकट नॉम पेन्हहून भाड्याची गाडी घेऊन आला. धाकटा असून घरातले सगळे बेत त्याचेच. नववर्षाला आईबाबांना अंगकोरला न्यायचं, जुन्या राजाराणीचे कपडे भाड्याने घ्यायचे आणि त्यांचा लग्नाचा फोटो काढायचा. घरात त्यांचा एकही फोटो नाही. भिंतीवर होता तो माझ्या लग्नाचा — फेब्रुवारीत मी परत आले तेव्हा आईने काढून कपाटात ठेवला. बोलली काहीच नाही.

बाबांनी आजच केस कापून घेतले. आई म्हणते, "तुम्ही ठरवलंय ना. मग झालं."

१३ एप्रिल

बात्तंबांगचं घर सोडल्यापासून विराकच्या तोंडाचा पट्टा चालू. "ताई, सणासुदीला बायको माहेरी बसलेली बरी दिसते का? आईबाबांकडे बघ. चाळीस वर्षांत कधी आवाज चढलेला ऐकलायस?"

बाबाही म्हणाले, "रिथी चांगल्या घरचा आहे. एकदा जाऊन तर बघ."

आई खिडकीबाहेर बघत होती. शेतं उन्हाने पांढरी पडलीत.

रिथी कामाला जाताना बाहेरून कुलूप लावायचा. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. लोक एकच विचारतात — मारतो का? मारत नव्हता. मग त्यांचे प्रश्न संपतात.

१४ एप्रिल, नववर्ष

अंगकोरला मुंगीला शिरायला जागा नाही. खंदकाच्या काठाने झाडाझाडाखाली चटया, भाजलेली कोंबडी, गाण्यांचे भोंगे. पोरं येणाऱ्याजाणाऱ्याच्या गालाला सणाची पावडर फासतायत. विराकने बाबांना फासली. बाबा हसले आणि आईला लावायला पुढे झाले, पण हात मध्येच थांबला. मग ती पावडर त्यांनी स्वतःच्याच मानेला पुसली.

दारातल्या आठ हातांच्या मोठ्या देवापुढे उदबत्त्या लावल्या. वरच्या मजल्याच्या पायऱ्या चढायला आई नाही म्हणाली. आम्ही खाली आलो तर ती आवारातल्या विहारात, पांढऱ्या कपड्यांतल्या, डोकं भादरलेल्या एका व्रतस्थ म्हातारीशी बोलत बसलेली. मी आईला इतकं बोलताना बघितलेलं नाही!

"कोण होती?"

"तिचं गाव आमच्या गावाशेजारचं. माझ्या थोरल्या बहिणीला ओळखायची."

आईला बहीण होती हे मला आज कळलं.

१५ एप्रिल

फोटो झाला नाही. नीट लिहून ठेवते.

बायोनच्या देवळाजवळ एका तंबूत कपडे घालायचे होते. आईला सोनेरी काष्टा, दंडात कडी, डोक्यावर मुकुट. सजवणारी बाई तोंडाची फटकळ. "मावशी, काय दिसताय! काका तर बघतच राहतील. काय हो, प्रेमाचं लग्न की घरच्यांनी जमवलेलं?"

आई आरशात बघत म्हणाली, "रांगेत उभं केलं होतं."

बाई हसली. तिला वाटलं गंमत. मग आईचं तोंड बघून खाली मान घालून पिना लावायला लागली.

बाहेर देवळाच्या मोठमोठ्या दगडी चेहऱ्यांखाली बाबा तयार उभे होते. कमरेला जरीचा पट्टा, पायांत काही नाही, शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या मुलासारखे. फोटोवाला म्हणाला, "मावशी, काकांचा हात धरा." आई जागची हलली नाही. "लाजू नका, नातवंडं बघतील." विराकची पोरं टाळ्या वाजवायला लागली. शेवटी बाबांनीच हात पुढे केला. आईने मुकुट काढला, माझ्याकडे दिला आणि आतल्या ओवरीत निघून गेली.

मी मागे गेले. ती एका पडलेल्या दगडावर बसली होती. रडत नव्हती. मी तिच्या केसांतल्या पिना काढायला घेतल्या आणि ती बोलायला लागली, जणू दुसऱ्याच कोणाचं सांगतेय.

पोल पोटच्या राजवटीचं शेवटचं वर्ष. आई धरणाच्या कामावर होती. संध्याकाळी संघटनेच्या, म्हणजे त्या राजवटीच्याच, पुढाऱ्याने बायकांना एका रांगेत बसवलं, पुरुषांना समोर. सगळे काळ्या कपड्यांत. नावं पुकारली — न्हेप, सारीम. "उठा. हात धरा. संघटनेसाठी मुलं जन्माला घालीन असं म्हणा." समोरचा माणूस तिने त्याआधी बघितलाही नव्हता. एक मुलगी नको म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी ती कामावर दिसली नाही.

"रात्री त्यांचे हेर खांबांवरच्या झोपडीखाली येऊन ऐकत बसायचे," आई म्हणाली. "नवराबायकोसारखं राहतायत की नाही. तुझे बाबा मला म्हणाले, तू झोप. आणि बांबूची जमीन हातांनी हलवत बसले. किती तरी रात्री."

"मग?"

"मग हलवून भागेना. ते मला विचारू नकोस."

राजवट पडली तेव्हा सगळे आपापल्या माणसांच्या शोधात सुटले. आई चालत तिच्या गावी गेली. घरातलं कोणी उरलं नव्हतं. ती परत वळली तर बाबा रस्त्यात उभे होते, तांदळाचं गाठोडं घेऊन. "पोटात तू होतीस. जाणार कुठे?"

म्हणजे मी. मी विचारलं — बाबा वाईट वागले का कधी?

"नाही गं. तेच तर. ते वाईट असते तर मी कधीच सोडून गेले असते." मग म्हणाली, "तुला परत जा असं सगळे म्हणतात. मी म्हणाले का?"

नव्हती म्हणाली. मी तिला कुलपाचं सांगितलं. तिने माझ्या हातातल्या पिना घेतल्या, एकेक करून पदराला लावल्या आणि म्हणाली, "जाऊ नकोस."

बाहेर विराक फोटोवाल्याशी भांडत होता.

१६ एप्रिल

विराकला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला काय माहीत? कोणी सांगितलं का कधी?" आणि पोरांना घेऊन बाजारात गेला. जाताना आम्हा तिघांना प्रेह खानला सोडलं, तिथे गर्दी कमी म्हणून.

लांबलचक देऊळ. दारामागे दार, दारामागे दार. आई पुढे, तिच्यामागे बाबा, सगळ्यात मागे मी. एका चौकात छत कोसळलेलं आणि भिंतीवर झाडाची मुळं उतरलेली. तिथे आई टेकली. बाबा तिच्यापासून थोडे लांब बसले. मी भिंतीच्या पलीकडे होते. त्यांना माहीत होतं की नाही, कोण जाणे.

बाबा म्हणाले, "तेव्हा विचारण्यासारखं नव्हतं. पण नंतर विचारायला हवं होतं. शांतता झाल्यावर."

आई म्हणाली, "हो."

"वाटायचं, विचारलं तर जाशील."

आई मुळावरची माती नखाने खरवडत होती.

"आता विचारतो. माझ्याबरोबर राहायचंय का तुला?"

"नाही म्हटलं तर?"

"तर नाही."

पलीकडे पोपटांचा एक थवा ओरडत होता. मग आई म्हणाली, "मग नाही."

बाबा उठले, गुडघे झटकले, बाहेर गेले. मी घाबरून त्यांच्या मागे निघाले. ते दारापाशी उसाच्या रसाच्या गाडीवर उभे होते. तीन पेले घेतले. एक माझ्या हातात दिला, एक आत जाऊन आईला. आईने घेतला. दोघं प्यायली. गळ्यातल्या पंच्याने बाबांनी तोंड पुसलं — डोळेही, पण घाम होता म्हणता येईल.

१७ एप्रिल

घरी आलो. वाटेत विराकने गाणी लावली नाहीत.

१९ एप्रिल

बाबांनी चटई खाली नेली. उंच घराच्या खांबांमध्ये, टांगलेल्या झोळीशेजारी झोपतात. आई भात लावते, आंबट मासे करते, त्यांचं ताट झाकून ठेवते. "मीठ कमी आहे का?" "बरोबर आहे." पूर्वी एवढंही बोलत नव्हते.

शेजारची काकू मला म्हणाली, "उन्हाळ्यात खालीच बरं, नाही का?" मी हो म्हटलं.

२१ एप्रिल

रिथी आला होता. मोठी फळांची टोपली, नवा सदरा. नेहमीसारखा गोड. बाबांपुढे हात जोडून म्हणाला, "बाबा, तुम्हीच समजवा तिला."

मी जिन्यात उभी होते. वाटलं, आता बाबा मला बॅग भरायला सांगणार.

बाबा म्हणाले, "तिला विचार."

"तुम्ही म्हणालात तर येईल ती."

"मी म्हणणार नाही. तिला विचार. इथे, माझ्यासमोर."

रिथीने माझ्याकडे बघितलं. त्याने मला आजवर काही विचारलेलंच नाही. मग म्हणाला, "चल. लोक काय म्हणतात ऐकलंस का?"

"हा प्रश्न नाही झाला," बाबा म्हणाले.

मी नाही म्हटलं, न विचारताच. रिथी जाताना टोपली परत घेऊन गेला. आई वरून बघत होती. "आंबे तरी ठेवायचे होते," म्हणाली. बाबा हसले. आई नाही हसली.

२६ एप्रिल

आई पेटीतले कपडे काढून बघतेय. पांढरे वेगळे ठेवतेय. मी विचारलं नाही.

२ मे

आई गेली. अंगकोरच्या त्या विहारात, त्या म्हातारीजवळ. केस तिथेच उतरवणार.

बाबांनी मोटरसायकलवर तिची पिशवी बांधली. दोरी दोनदा सोडून पुन्हा बांधली. मला वाटलं होतं आई रडेल, निदान घराकडे वळून बघेल. ती मागे बसली, तोल सांभाळायला सीटची कड धरली. बाबांना धरलं नाही.

बसथांब्यावर सोडल्यावर बाबा बस दिसेनाशी होईपर्यंत तिथेच होते असं तिथला चहावाला सांगत होता. घरी आले आणि सरळ आपल्या सायकल दुरुस्तीच्या कामाला बसले. कोणाचं तरी चाक होतं. सरळ झालेलं चाक पुन्हा सरळ करत बसले.

माझ्या मनात आईचा राग आहे. असू नये, पण आहे. त्या माणसाने किती रात्री जमीन हलवली — हे सोडून मला काही सुचतच नाही. आणि मग आठवतं की ती त्या जमिनीवर पडून होती.

११ मे

शाळेत पुन्हा शिकवायला लागलेय. घर. भात मी करते. बाबा म्हणतात, "बरोबर आहे." बरोबर नसतो.

३० मे

आईचा फोन आला. बाबांकडे दे म्हणाली. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. विहाराच्या मागे म्हाताऱ्या पुरुषांसाठी खोल्या आहेत, एक रिकामी आहे. "दिवसातून एकदा दिसू. जेवणाच्या वेळी. मी विचारतेय तुम्हाला. याल का?"

बाबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "नाही, सारीम."

बाबांनी चटईची कड सरळ केली.

"त्या रांगेत मीही होतो," बाबा म्हणाले. "मलाही कोणी विचारलं नव्हतं."