घरात एकच भाषा

प्रिय धाकटे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर सांगता आलं असतं, पण तुझं मध्ये मध्ये ‘अगं पण ताई’ सुरू झालं की माझा धागा तुटतो, आणि हल्ली तुटलेला धागा सापडत नाही.

आधी बातमी. मी कॉलेजातलं शिकवणं सोडलं. निरोपसमारंभात विभागप्रमुखांनी माझ्या चारही कादंबऱ्यांची नावं ओळीने घेतली. घरून पाठ करून आले होते बिचारे. पहिल्या कादंबरीची भाषा किती काटकसरीची, किती नितळ, असं म्हणाले. ती आली तेव्हा परीक्षणांतही हेच छापून आलं होतं आणि तेव्हाही मी गप्प बसले होते. खरं म्हणजे मला इथल्या भाषेतले शब्दच तेवढे येत होते. दिवसभर एका दवाखान्यात पाकिटांवर पत्ते टाइप करायचे, घरी आलं की शब्दकोश उघडायचा, आणि जो शब्द सापडणार नाही त्याला वळसा घालून वाक्य पुढे न्यायचं. नाचता येईना, अंगण वाकडं. माझ्या वाकड्या अंगणालाच बक्षीस मिळालं. बक्षिसामुळे नोकरी, नोकरीमुळे घर, आणि घरात एकच भाषा, इथली. नवरा इथलाच, त्याची काही तक्रार नव्हती. तू आली होतीस तेव्हा लेकीला आपल्या भाषेत अंगाईगीत म्हणायला लागलीस आणि मी तुला पाहुण्यांदेखत थांबवलं. दोन डगरींवर पाय ठेवला की पोर मधल्या मधे पडतं, असं माझं मत होतं. मास्तरीण होते, मतांना तोटा नव्हता.

माझ्या वर्गातला नियम तुला ठाऊक आहे. ज्याची गोष्ट वाचायची त्याने तोंड मिटून बसायचं, बाकीच्यांनी टेबलाभोवती त्याच्यासमोरच तिची चिरफाड करायची. मुलं रडायची, तरी मी नियम मोडू दिला नाही. गेल्या हिवाळ्यात अशाच एका तासाला मला ‘जिना’ या वस्तूला इथे काय म्हणतात ते आठवेना. हाताने हवेत पायऱ्या काढल्या, शेवटी आपलाच शब्द बोलून मोकळी झाले. मुलांनी आदराने माना डोलावल्या आणि तो लिहून घेतला. बाईंची काहीतरी खास युक्ती असणार. मग ‘चमचा’ गेला, ‘परवा’ गेला, समोरच्या मुलीचं नाव गेलं. पुढे डॉक्टरांच्या खोलीत डॉक्टर, लेक आणि जावई माझ्याविषयी बोलत होते आणि मी मधल्या खुर्चीत तोंड मिटून बसले होते. या खेपेला गोष्ट माझी होती. त्यातलं मला अर्धंमुर्धं कळलं. बाकीचं लेकीने घरी आल्यावर सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. मागाहून शिकलेलं आधी जातं. म्हणजे इथली भाषा आधी. बाकीचंही सगळं जाईल, पण आपली भाषा सगळ्यांत शेवटी.

आता मी लेकीकडेच राहते. खोली चांगली आहे, उजेड येतो. परवा माझी पहिली कादंबरी वाचायला घेतली. पुन्हा शब्दकोश काढावा लागला. एका पानावर ती बाई पायरीवर बसून रडते आहे. का रडते, ते मला उमगेना. लिहिलंय मात्र चांगलं.

काल सकाळी स्वयंपाकघरात मी लेकीला म्हटलं, अगं, गॅस बारीक कर, दूध उतू जाईल. तिने हसून माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि बसायला खुर्ची ओढून दिली. दूध उतू गेलं.

तू म्हणशील, शिकव की तिला आपली भाषा. ती बसली होती हौसेने. पण तिला शिकवायला मला तिची भाषा हवी, आणि तीच तर संपत आली आहे. मोबाइलवर भाषांतर करणारं काही घेतलंय तिने, ते माझं पुटपुटणं ऐकून भलतंच सांगतं. म्हणून लिहिता येतंय तोवर तुला लिहिते आहे. तुझा नंबर तिला दिला आहे. तू तिकडे शाळेत इथलीच भाषा शिकवलीस; तुझ्या उच्चारांना मी जन्मभर नाकं मुरडली, आता तेच चालवून घ्यायचे आहेत. ती फोन माझ्या तोंडाशी धरेल. मी थंडी वाजतेय म्हटलं तर तसं सांग. दुखतंय म्हटलं तर कुठे ते विचार आणि सांग. तिला बोल लावले तर तेही सांग, आई अजून जागेवर आहे असं वाटेल तिला. पण एक दिवस मी तुला विचारेन, ही परकी बाई कोण, सारखी माझ्या खोलीत का येते. ते तेवढं सांगू नकोस. पाणी मागतेय म्हण. तेवढं तरी तिला आणून देता येईल.

तुझीच,
ताई