एकटेपणा चाळीस टक्क्यांनी कमी होईल

शिरूर,
सोमवार

तीर्थस्वरूप मारुतीमामांस,

सत्यजीतचा साष्टांग नमस्कार. मामींनाही नमस्कार सांगा, पण त्यांचा राग ओसरल्यावर सांगा. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? डाव्याची चौकशी मागच्या फोनवर केली होती, म्हणून या वेळी उजव्याची करतो. रेल्वेतली नोकरी संपली तरी तुम्ही पहाटे चारलाच उठता, हे मामींकडून कळतं. आता जरा पडून राहत जा. आम्ही सगळे ठीक आहोत. म्हणजे अनुपमा आणि मुलं ठीक आहेत. मी ठीक नाही, आणि हे पत्र त्याचंच आहे.

आधी परवाचं सांगतो. परवा दुपारी दौंडात मामींनी मला रस्त्यात पाहिलं आणि तीनदा हाक मारली. मी तिन्ही वेळा ऐकली. न ऐकल्यासारखं करून मोटारसायकल पुढं दामटली, कारण माझी पँट मागून फाटलेली होती, शर्टावर मेंढ्यांच्या जंताचं औषध सांडलेलं होतं आणि चेहरा मामींना दाखवण्यासारखा नव्हता. (हेल्मेट होतं, तरी मामींनी कसं ओळखलं, ते विचारून ठेवा.)

तुम्हाला माहीत आहे की तुळजामावशीच्या इनामगावच्या रानात दर उन्हाळ्याला तात्याबांची मेंढरं बसतात. तीस वर्षं झाली. पीक निघालं की तात्याबा येतात, महिनाभर मुक्काम करतात, रानाला लेंडीखत मिळतं आणि मावशी त्यांना धान्य देते. या सगळ्याचा एकही कागद नव्हता. मावशीचे यजमान, काका, गेल्यावरही ते तसंच चालू राहिलं. कुणाचं काही अडलं नव्हतं, म्हणून मी मध्ये पडलो.

त्याचं असं झालं की कंपनीनं आम्हाला खरेदी विभागातल्या लोकांना दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं. विषय होता करारनामा कसा लिहावा. शिकवणारे गृहस्थ पुण्याहून आलेले, टायवाले. ते म्हणाले, नुसत्या अटी लिहिल्या की माणूस संशय घेतो. कुणाला काय लाभ अपेक्षित आहे ते लिहिलं की माणूस सही करतो. आणि लाभ मोजता आला पाहिजे, आकडा पाहिजे. मामा, मला ते इतकं पटलं की घरी येऊन मी अनुपमाला आमच्या लग्नाचे अपेक्षित लाभ सांगायला लागलो. तिनं आकडा विचारला, तेव्हा थांबलो.

मग तीन रात्री जागून मी मावशी आणि तात्याबांचा करार टाइप केला, प्रिंट काढली आणि दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी सकाळी इनामगावला गेलो. मावशीच्या अंगणात सगळे जमले होते. तात्याबा, त्यांच्या कारभारीण कस्तुराबाई, आणि त्यांची सून प्रतिभा. प्रतिभा बी.ए. आहे. मीच म्हटलं, तू वाच. (आपली भाषा दुसऱ्याच्या तोंडून कशी खणखणीत वाटते, ते मला ऐकायचं होतं. देवानं ऐकवलं.)

पहिलं पान बरं गेलं. मुक्काम किती दिवस, मेंढरं किती, पाणी कोणत्या विहिरीचं. तात्याबा मान डोलवत होते. मग ‘अपेक्षित लाभ’ आले. प्रतिभानं वाचलं की पहिला पक्ष, म्हणजे मावशी, वृद्ध व एकाकी असल्याने दुसऱ्या पक्षाच्या वावरामुळे तिचा एकटेपणा अंदाजे चाळीस टक्क्यांनी कमी होईल. मावशीनं सुपातलं निवडणं थांबवलं. मी तेव्हाच कागद ओढून घ्यायला हवा होता. पण मामा, खरं सांगतो, मला वाटलं तिला ते आवडलं.

प्रतिभानं पुढं वाचलं. तिचा आवाज आता हळू झाला होता. प्रतिष्ठित घराण्याशी संबंध आल्याने दुसऱ्या पक्षाचा सामाजिक दर्जा उंचावेल. (इथं आकडा घातला नव्हता. टक्केवारी सुचली नाही. तेवढं एक बरं.)

तात्याबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि अगदी सरळ विचारलं, “आमचा दर्जा कुठं घसरला व्हता, साहेब?”

त्यांनी मला लहानपणी खांद्यावर बसवून घोड नदी ओलांडून दिलेली आहे. आजवर ते मला सत्या म्हणत. मी म्हणालो की ही फक्त करारातली भाषा आहे. त्यावर कस्तुराबाई म्हणाल्या, “मग करारातच ऱ्हाऊ द्या,” आणि उठल्या. त्यांच्यामागं सगळे उठले. चहा चुलीवर तसाच राहिला. मावशी सूप घेऊन आत गेली आणि आतूनच म्हणाली, “मी एकाकी हाय व्हय? मला न्हाई कुणी सांगितलं.”

त्यानंतर तात्याबा मेंढरं घेऊन दौंडच्या बाजूला निघून गेले. तीस वर्षांत पहिल्यांदा मावशीचं रान मोकळं राहिलं. मावशी मला काही बोलत नाही. फोन केला की उचलते, जेवलास का विचारते आणि ठेवते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा मी रजा टाकून तात्याबांना शोधत निघालो. दौंडच्या पुढं एका उसाच्या खोडव्याच्या शेताशेजारी त्यांचा मुक्काम सापडला. आधी त्यांच्या कुत्र्यानं मला पाहिलं, आणि पँटचं जे झालं ते तेव्हा झालं. तात्याबा जंताचं औषध पाजत होते. बस म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. नुसतं म्हणाले, “धरा.” मी मेंढी धरली. मग दुसरी धरली. साठेक मेंढ्या धरल्या असतील, त्यातल्या निम्म्यांनी औषध माझ्यावर थुंकलं. माफी मागायला मला मध्ये फटच सापडेना. शेवटी एका मेंढीच्या पाठीवरूनच म्हणालो, “तात्याबा, चुकलं माझं. तुम्हाला न विचारता तुमचा फायदा लिहिला.”

त्यांनी त्या मेंढीला औषध पाजलं. मग म्हणाले, “फायदा ऐकायचा हाय? सगळीकडं आमी येका डोळ्यानं झोपतो. कोन हाकलंल, कोन मेंढरू उचलंल, नेम न्हाई. तुळजाबाईच्या रानात म्या दोन्ही डोळं मिटून झोपतो. ह्यो फायदा. लिव तुज्या कागदावर.”

तुज्या म्हणाले, मामा. मला तिथंच रडू आलं. औषध डोळ्यात गेलं असं सांगितलं.

तुळजाबाईनं बोलावलं तर येईन, असं ते म्हणाले. मी तसाच सुसाट इनामगावला गेलो. वाटेत दौंडात मामी दिसल्या, ते वर आलंच आहे. मावशीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “वर्षातला येक महिना मला कस्तुराशी भांडायला मिळतं. ते घालवलंस. आता ज्याला टक्केवारी कळती त्यानंच बोलवावं.” माझ्या बोलावण्यानं ते येणार नाहीत आणि ती बोलावणार नाही, असं सगळं अडकून पडलं आहे.

प्रकृतीस जपा.

तुमचा भाचा,
सत्यजीत

ता. क. मामा, एक गोष्ट वर लिहिली नाही. करार चार पानी होता आणि प्रतिभानं तीनच वाचली. चौथं तिनं नजरेखालून घातलं, त्याची घडी केली आणि उठताना ते माझ्या हातात दिलं. “हे तुमचं हाय,” म्हणाली. त्यात मी असं लिहिलं होतं की मुक्कामाची नोंद कागदावर असल्यामुळे दुसरा पक्ष पुढेमागे जमिनीवर हक्क सांगू शकणार नाही, व पहिल्या पक्षाच्या पश्चात तिचा भाचा सत्यजीत यास ताबा घेणे सुलभ होईल. सगळा कागद त्यासाठीच होता. ट्रेनिंग हे निमित्त. ते पान सोबत जोडलं आहे. तुम्ही तिचे धाकटे भाऊ आहात, तुमचं ती ऐकते. रविवारी इनामगावला जाऊन तिला एवढं तुम्हीच सांगाल का? माझी जीभ रेटत नाही.

ता. क. २ (गुरुवार). पाकीट दोन दिवस खिशातच राहिलं. काल ते फोडून चौथं पान काढलं आणि स्वतःच घेऊन गेलो, म्हणून ते आत सापडणार नाही. मावशीनं चष्मा लावून दोनदा वाचलं. ‘पश्चात’ म्हणजे काय ते मला मोठ्यानं सांगायला लावलं. सांगितलं. मग तिनं माझ्यासमोरच तात्याबांना फोन लावला, मेंढरं कवा आणता म्हणून विचारलं, आणि कस्तुराबाईंशी भांडण फोनवरच सुरू केलं. ते संपल्यावर माझ्याकडं वळून म्हणाली, “रानाचं म्या चार वर्षांपूर्वीच लिवून ठिवलंय. कुणाच्या नावानं ते तुला सांगणार न्हाई. मारुतीची सही हाय त्यावर साक्षीदार म्हनून.”

मामा, तुम्ही मला सांगू नका. मी विचारलं तरी सांगू नका.