पत्रिकेतली शंभर नावं

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज नांदेडला आले. खोली मिळाली, आणि खिडकीतून चक्क विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी दिसतं. इंजिनिअरिंग करून दीड वर्ष मुरुडला घरी बसले होते. येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारायची, काय करून राहिली शिवकन्या सध्या. आता म्हणावं, या नांदेडला बघायला.

घरमालकीण हसीनाआपा खालीच राहतात, शिलाई करतात. आल्या आल्या त्यांनी विचारलं, लातूरकडच्या पोरीला इथलं पाणी मानवेल का. मी म्हटलं, आम्ही रेल्वेनं आणलेलं पाणी प्यालेली माणसं हाव, आम्हाला काहीही मानवतं. लई हसल्या.

ऑफिस म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मालक मृत्युंजय सर दिवसभर फुटाणे खातात, आवाज चढवत नाहीत. आम्ही बंदुकीचे गेम बनवतो. खरं तर गेम एकच आहे. समोर बंदूक धरलेले दोन हात, आणि पुढे दिसेल त्याला गोळी घालायची. वाळवंट काढून बर्फ टाकला की दुसरा गेम, बर्फ काढून गोदाम टाकलं की तिसरा. आठवड्याला चार निघतात. मी विचारलं, इतके खेळतं कोण. सर म्हणाले, सगळेच.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पहिलं खरं काम मिळालं. गेममधले शत्रू खोटे असतात, मशीनच त्यांना पळवतं. त्यांच्या डोक्यावर आत्तापर्यंत नुसते आकडे होते. सरांच्या डोक्यात आलं की आपल्याकडची खरीखुरी वाटणारी नावं असली तर खेळणाऱ्याला मजा येईल. संध्याकाळपर्यंत शंभर नावं द्या म्हणाले.

पस्तीस नावांवर माझं डोकं बंद पडलं. मग बॅगेतली पत्रिका आठवली. धाकट्या भावाच्या, सत्यमच्या गेल्या उन्हाळ्यात झालेल्या लग्नाची. आमच्याकडं पत्रिकेत नाव राहिलं तर माणूस तीन वर्षं बोलत नाही, म्हणून बाबांनी सगळी भावकी आणि सोयरे छापलेले. पहिली पस्तीस खोडली आणि पत्रिकाच वरून खाली उतरवली. सगळ्यात वर कै. गुरुपादप्पा, आमचे आजोबा. ते वारलेत म्हणून सोडले. एक नंबरला बाबा, वैजनाथ बिराजदार. चार नंबरला आप्पासाहेब मामा. असं करत करत शेवटी चिमुकल्यांच्या चौकटीत आले. तिथं थोरल्या बहिणीची, मुरुडातच दिलेल्या पुनमताईची सृष्टी, चार वर्षांची, मामाच्या लग्नाला यायचं हं म्हणणारी. तिला नव्व्याण्णव नंबर. शंभरावी मी, करवली.

आईचं नाव पत्रिकेत कुठंच नाही. लग्न झालेल्या बायकांची छापत नाहीत. हे मला आजच दिसलं आणि मेला रागच आला.

शेजारच्या खुर्चीवरचा अमान गेम तपासतो. त्यानं लगेच बाबांना दोनदा पाडून दाखवलं. आम्ही दोघंही हसलो.

सोमवार, १० नोव्हेंबर

सरांचं काम जोरात आहे. अख्खा गेम, नावांसकट, त्यांनी साच्यासारखा नेटवर ठेवला. कुणीही घ्यावा, रंग बदलावा, आपल्या नावानं काढावा. चार दिवसांत चाळीस जणांनी घेतला.

सुरुवातीच्या पायऱ्यांवर वीसच शत्रू येतात, म्हणजे पत्रिकेतली वरची वीस नावं. महिनाअखेर शंभर जणांचं रणांगण सुरू होणार आहे.

बाबांचा फोन नीट लागत नाही. शेताचं बोलता बोलता मध्येच गप्प होतात आणि मग हॅलो, जेवलीस का, असं पहिल्यापासून सुरू करतात. टॉवरचा घोळ असेल.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आईनं फोन केला. बाबांना भोवळ येते म्हणाली. पेरायला निघतात, अर्ध्यात मटकन बसतात, उठतात ते परत पेरणीच्या ओळीच्या, त्या तासाच्या सुरुवातीला जाऊन उभे. एकच तास सकाळपासून पाच वेळा. विचारलं तर म्हणतात, आत्ताच तर आलो. लातूरच्या डॉक्टरनं सगळ्या तपासण्या केल्या. काही न्हाई म्हणाला.

आप्पासाहेब मामांचंही तसंच चालू आहे म्हणे. आणि थोरल्या काकांचं. आईला वाटतंय गावच्या विहिरीचं पाणी बिघडलं. मी म्हटलं, तपासून घ्या.

सोमवार, १७ नोव्हेंबर

दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाबांशी बोलत होते. शेजारी अमान गेम तपासत होता. त्याच्या पडद्यावर बाबांच्या नावाचा माणूस भिंतीआडून आला, अमाननं त्याला पाडला. फोन गप्प झाला. पडद्यावर तो माणूस परत भिंतीमागं उभा राहिला, आणि कानात बाबा म्हणाले, हॅलो, जेवलीस का.

मी अमानला म्हटलं, परत मार. त्यानं मारलं. हॅलो, जेवलीस का.

तिसऱ्यांदा मी सांगितलं नव्हतं. त्यानं आपलं आपणच मारलं.

डबा उघडाच ठेवून मी नावांची यादी परत वर काढली. मी स्वतःच्या हातानं टाइप केलंय सगळं. कुणी सांगितलं नव्हतं मला पत्रिका काढायला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सरांना सांगितलं. वाटलं हसतील. हसले नाहीत, पाणी दिलं, आणि माझ्यासमोर आमच्या सगळ्या गेममधली नावं काढून टाकली. म्हणाले, पोरी, घरची आठवण येत असेल तर दोन दिवस जाऊन ये. चांगला माणूस आहे.

पण साचा गेला तो गेला. चाळीस जणांनी नेला, त्यांनी पुढं दिला. आज दुपारी मोबाइलवर मोजायला बसले. तेच दोन हात, तीच पडकी भिंत, रंग तेवढा वेगळा. कमांडो, महाकमांडो, सरहद्दीचा वाघ, जंगलचा नेमबाज. तीनशेबारापर्यंत मोजले आणि खाली सरकवत राहिले तर ते संपतच नाहीत.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

गेम काढणाऱ्या सगळ्यांना पत्रं टाकली, हात जोडून. नावं काढा, घरची माणसं हायत. नऊ जणांनी काढली. एकानं नमस्काराचं चित्र पाठवलं. बाकीच्यांच्या पत्त्यावर कुणी उत्तरच देत नाही. तेवढ्यात बावीस नवे गेम आले.

खेळणाऱ्यांनी खाली लिहिलंय की शत्रूंना गावाकडची नावं म्हणजे एक नंबर काम.

एक गेम मीही घेतला. नुसती उभी राहिले, गोळी घातलीच नाही. बाबांच्या नावाचा माणूस धावत आला आणि त्यानं मलाच मारलं. एवढा वेळ तरी ते इथं पडले नाहीत, असं मनाला समजावलं. बाकी तीनशे ठिकाणी काय चाललं असेल ते कळतंच की मला.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आप्पासाहेब मामा गेले.

किल्लारीहून मोटरसायकलवर येत होते. सरळ रस्ता. मागून येणारा जीपवाला सांगत होता, चालवता चालवता त्यांनी हातच सोडले.

मी गेले नाही. सुट्टी मिळत होती, पण आईला तोंड कसं दाखवू. तिचा एकुलता भाऊ तो. फोनवर ती रडत होती आणि मी हूं हूं करत होते.

संध्याकाळी गेम उघडून बघितला. चार नंबरचे मामा पडले. उठले. पडले.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

बाबा आता फार मागं जातात. आज मला विचारलं, नांदेडला पोचलीस का, खोली कशी हाय. नंतरच्या फोनला सत्यमच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्यात म्हणाले, तुझं नाव करवली म्हणून टाकलंय. आनंदात होते. मी विचारलं, सृष्टीचं टाकलं का. हाव, म्हणाले. मी म्हटलं, बाबा, काढून टाका, आमच्या दोघींचं काढून टाका. मध्येच गप्प झाले. मग हॅलो.

सरांनी शंभराचं रणांगण थांबवलं, माझ्याखातर. दुसऱ्यांनी थांबवलं नाही. उद्यापासून चालू.

ताईला सांगितलं, जमिनीवर गाद्या टाक, हौदावर फळी ठेव, सृष्टीला चुलीजवळ सोडू नको. का ते सांगितलं तर तिनं फोन ठेवला. परत लावला तर म्हणाली, मामाच्या दुःखानं तुझं डोकं फिरलंय. पण फळी ठेवते म्हणाली.

रविवार, ३० नोव्हेंबर

ताईनं व्हिडिओ कॉल केला. नुसता मोबाइल सृष्टीसमोर धरला.

सृष्टीला अंगणवाडीत वीसपर्यंत शिकवलंय. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा — खाली बसली. उठली. एक, दोन, तीन — बसली. एक, दोन —

तिला काही दुखत नाही. हसते आहे. पहिल्यांदाच म्हणतेय असं वाटून दर वेळी टाळी वाजवते.

ताईच्या हातून हौदावरची फळी आज दुपारी एकदा सरकली होती म्हणे. वेळेवर दिसलं.

सोमवार, १ डिसेंबर

मुरुडला जाते. सृष्टीला मांडीवर धरून बसते. पडली तर मांडीवर पडेल, एवढं तरी माझ्या हातात आहे. दोनची लातूर बस. बॅग भरली.

हसीनाआपा वर आल्या. त्यांनी विचारलं, बेटी, क्या हुआ. मी बॅग घेऊन सकाळपासून चार वेळा खाली उतरले म्हणे. फाटकापर्यंत जाते, उभी राहते, परत जिना चढून खोलीत येते, आणि परत बॅग भरते.

मला एकदाही आठवत नाही. पण कपड्यांच्या घड्या निराळ्या आहेत.

शंभरावी मी. विसरलेच होते.

मंगळवार, २ डिसेंबर

आपांना सांगितलं, हाताला धरून बसमध्ये बसवा. त्यांनी बसवलं. त्या सांगतात की मी वाटेतच उतरून चालत परत आले.

ताईचे सात फोन येऊन गेलेत. उचलत कसे नाही मी. आता लावते. सृष्टी एकच्या पुढं —

मंगळवार, २ डिसेंबर

बॅग भरली. दोनची लातूर बस. ताईचे नऊ फोन. हौदाची फळी, ताई, हौदाची —

मंगळ

बॅग भरली. ताईचे अकरा

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज नांदेडला आले. खोली मिळाली, आणि खिडकीतून चक्क विष्णुपुरीच्या धरणाचं पा